इंदे, तुझी येळवस आणि माझी

इंदे, बोलणं अर्धवट टाकून उठून जायची सवय माझी होती, तुझी नव्हती. तू शेवटपर्यंत बसून भांडणारी. पण दवाखान्यातल्या त्या दुपारी तू मला एक प्रश्न विचारलास आणि उत्तर ऐकायला थांबलीच नाहीस.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. गॅसवर दूध ठेवते आणि गच्चीवर कपडे काढायला जाते. कपडे काढायला जाते आणि तिथंच उभी राहते. सून म्हणते, "आई, बसा की जरा." बसवत नाही. शेजारच्या बाई विचारून गेल्या, "कोण लागत होत्या तुमच्या?" मी म्हटलं, "मैत्रीण." तो शब्द तोंडातून निघाला आणि मलाच खटकला. मैत्रिणी मला पुष्कळ मिळाल्या. नर्सच्या नोकरीत सगळी हयात गेली, रात्रपाळ्या एकत्र केल्या, एकमेकींची बाळंतपणं केली. त्यांच्यातल्या एकीशीही माझं कधी वाजलं नाही. तुझ्याशी मात्र मी जन्मभर एकच भांडण भांडले, आणि तेसुद्धा एका सणावरून.

सून नाशिककडची. तुझ्यावरून विषय निघाला तेव्हा तिनं विचारलं, "येळवस म्हणजे काय हो?" मी सांगायला लागले. मार्गशीर्षाची अमावस्या. ज्वारी डोक्याला लागायला आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. त्या दिवशी गावात माणूस सापडायचा नाही, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप बांधायची, म्हणजे एक लहानशी झोपडीच. तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आंबील करायची, ती बिंदग्यात भरून, मडकं घोंगडीत गुंडाळून डोक्यावरून न्यायची. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे आणि मेथी घालून शिजवलेली भज्जी. बाजरीचे उंडे, तिळाची पोळी. चिंचेला झोका. वाटेनं जो जाईल त्याला हाका मारून जेवायला बसवायचं.

सून म्हणाली, "किती छान! मग तुम्ही सगळे त्या कोपीत बसून जेवायचात?"

इंदे, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिला तुझी येळवस सांगत होते. माझी नव्हे. तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की माझ्या तोंडातही तीच बसली. मी उठले आणि उगाच धुतलेला तांब्या पुन्हा धुवायला घेतला.

माझी येळवस बांधापलीकडची होती. माझे अप्पा तुमच्या शेतात सालगडी. वर्षभराच्या बोलीवर राबणारा माणूस. कडबा तेच कापायचे, कोप तेच बांधायचे. औशाच्या बाजूला अप्पांसारखी कोप कुणाला जमत नसे. कितीही वारं सुटू दे, पेंढी हलायची नाही. पण आत दगड मांडले की अप्पा बाहेर यायचे आणि बांध ओलांडून पलीकडं बाभळीखाली येऊन बसायचे. तिथं माझी माय आणि मी, घरून आणलेल्या आमच्या ताटल्या घेऊन. तुझी आई बांधावर उभी राहून वाढायची. आंबील वरून ओतताना थोडी ताटलीबाहेर जायची, आणि माय बोटानं ती निपटून घ्यायची.

आम्ही बौद्ध झालेलो. अप्पा त्या दगडांना कधी हात जोडत नसत. माय त्यांना म्हणायची, "मग जाता कशाला?" अप्पा म्हणायचे, "कोप बांधणं माझं काम हाय. हात जोडणं न्हाई."

आणि तू दर वर्षी परकराच्या ओच्यात तिळाच्या पोळ्या घेऊन बांधावरून उडी मारायचीस. तुझ्या आत्याबाई तिकडून ओरडायच्या, "इंदे, हिकडं ये! इंदे!" तू यायची नाहीस. माझ्या ताटलीत हात घालून जेवायचीस. हे सगळं खरं आहे. मी कधी नाही म्हटलं नाही.

"आपून एका ताटात जेवलोय, सुजे," तू म्हणायचीस.

"जेवलोय. अन् मग घरी जायच्या आधी तुझ्या अंगावर विहिरीचं पाणी वतायचे, ते?"

"ते व्हय? मला वाटायचं, आंघूळच घालायलेत. लई मजा यायची, थंडीत दात वाजायचे."

खरंच तुला मजा यायची. तू ओल्या केसांनी हसत बैलगाडीत बसायचीस आणि मी बांधापलीकडून बघायचे. त्या वयात मलाही ती मजाच वाटायची. मला कुणी का भिजवत नाही, असं मी मायला विचारलं होतं. ते पाणी कशासाठी होतं ते मला पुढं शाळेत एका मुलीनं सांगितलं. तुला कुणी सांगितलंच नाही, किंवा सांगितलं असेल आणि तू ठेवून घेतलं नसशील.

"लई चांगले दिवस होते गं," असं तू म्हणायचीस.

"तुझे," मी म्हणायचे.

झालं. इथून आपलं भांडण सुरू व्हायचं.

पण एका येळवशीवर आपलं दोघींचं एकमत होतं, आणि ती दुष्काळातली होती. त्या मोठ्या दुष्काळात शिवारात हिरवं पान नव्हतं. जमिनीला अशा भेगा पडल्या होत्या की तुझा एक पितळी तोडा एकीत गेला तो गेलाच. तुमची बैलं चाऱ्यावाचून गेली. अप्पांना अण्णा, म्हणजे तुझे वडील, म्हणाले, "लिंबाजी, औंदा तुला ठिवून काय करू?" गावाबाहेर सरकारी खडी केंद्र निघालं होतं. दगड फोडायचे, खडी करायची. अप्पा आणि माय गेले. आणि थोड्या दिवसांनी एका सकाळी तुझी आईसुद्धा तिथं आली. जिनं उभ्या जन्मात घराबाहेर मजुरी केली नव्हती, ती बाई डोक्यावरचा पदर दातात धरून उभी होती. माझ्या मायनं सायकलच्या ट्यूबची रबरं काढली आणि तिच्या बोटांवर चढवून दिली. म्हणाली, "अशी धरा हातुडी. न्हाईतर बोटं जातील." तुझ्या आईनं हात पुढं केला. मी आणि तू बाजूला खडीच्या ढिगावर बसून ते बघत होतो.

येळवस आली तेव्हा गावात कुणी नावही काढलं नाही. कोप कशाची बांधणार? कडबा नव्हता. दुपारी काम थांबलं तेव्हा खडीच्या ढिगाच्या सावलीत एक बिंदगं निघालं. सरकारनं दिलेल्या तांबड्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, पिठाची आंबील, ताक नव्हतं म्हणून चिंचेच्या कोळात शिजवलेली. वाळवलेल्या अंबाडीच्या पाल्याची भाजी, तिलाच भज्जी म्हणायचं. तू धावत जाऊन खडीचे पाच तुकडे आणलेस आणि ओळीनं मांडलेस. माय म्हणाली, "आमच्यात पांडव न्हाई पुजत, बाळा." तू गोंधळलीस. मी नुकतंच बुद्धविहारात पंचशील पाठ केलं होतं. मी म्हटलं, "मग हे पाच शील." तुला ते पटलं. तू पहिल्या दगडावर बोट ठेवून विचारलंस, "ह्याचं नाव काय?" मी सांगितलं, "जीव मारू न्हाई." "अन् ह्याचं?" "चोरी करू न्हाई." तुझी आई हसायला लागली. कामावर आल्यापासून ती पहिल्यांदा हसली असावी.

आणि आपण चौघी एकाच बिंदग्यातून, एकच पेला फिरवत ती आंबील प्यालो. माय प्याली, मग तुझी आई प्याली. पेला कुणी विसळला नाही. विसळायला पाणीही नव्हतं.

ते बिंदगं कुणाच्या घरचं, यावर आपण पुढं किती भांडलो! तू म्हणायचीस, "तुझ्या मायनं आणलं होतं." मी म्हणायचे, "तुझ्या आईनं." दोघींच्या आया तोवर गेल्या होत्या, आणि दोघींनाही आपली हार हवी होती. हे भांडण मला फार आवडायचं, इंदे. हे एकच असं होतं की भांडता भांडता पोट दुखेस्तोवर हसायचो.

मग पाऊस पडला. पीक आलं, बैलं आली, अप्पा परत सालावर राहिले. पुढच्या येळवशीला त्यांनी कोप बांधली आणि आम्ही बाभळीखाली जाऊन बसलो. माय ताटली धरून बसली होती. तुझी आई बांधावर आली, आणि दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. आंबील वरून पडली. मी घरी आल्यावर मायला विचारलं, "आता पाणी हाय ना? मग?" माय म्हणाली, "पाणी हाय म्हनूनच तर."

हे मी तुला कधी सांगितलं होतं का? बहुतेक नाही. इतकं भांडून काही गोष्टी राहूनच गेल्या.

आता त्या दुसऱ्या येळवशीवर येते. तिच्यावर यायचं टाळतेय म्हणूनच इतका वेळ घरभर फिरतेय.

त्या पावसाळ्यात लातूर जिल्हा झाला होता. एसटीच्या पाट्यांवर, शाळेच्या भिंतींवर जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहीत होते. गावात गुलाल उधळला होता. आपल्या गावाला काय मिळालं ते कुणाला माहीत नव्हतं, पण प्रत्येक जण "आता आपला जिल्हा" म्हणत होता. मला नांदेडला नुकतीच नर्सची नोकरी लागलेली. तुझं लग्न धर्माबादकडं झालेलं. तुझ्या सासरी येळवस नव्हती. तिकडं सीमेपलीकडच्या तेलुगू चालीरीती. म्हणून तू हट्टानं नवऱ्याला आणि सासऱ्याला माहेरची येळवस दाखवायला आणलं होतंस. आणि मला निरोप धाडला होतास, "आता तू सरकारी बाई. बघू कोण बसवतंय तुला बांधापलीकडं."

मी आले. नवी साडी नेसून आले. अण्णा स्वतः कोपीबाहेर येऊन म्हणाले, "सुजाताबाई, आत या. आता काळ बदलला. आपला जिल्हा झाला." सतरंजी अंथरलेली. स्टीलचं ताट. मला तुझ्या नवऱ्याच्या समोरच बसवलं. सगळे चांगलं बोलत होते. कुणी मला एक वावगा शब्द बोललं नाही. आणि कडब्याच्या फटीतून मला बाभळीखाली अप्पा दिसले. ती कोप त्यांनीच बांधलेली. मांडीवर ताटली घेऊन ते एकटेच बसले होते. माय तोवर गेली होती.

मी ताट उचललं आणि उठले. बांध ओलांडून अप्पांजवळ जाऊन बसले.

मागं बघितलं. तू कोपीच्या तोंडाशी आंबिलीचा तांब्या घेऊन उभी होतीस. मला वाटलं, आता येशील. तू तर नेहमी यायचीस. आत्याबाई ओरडत असताना यायचीस. तू एक पाऊल पुढं टाकलंस असं मला वाटलं, आणि मग वळून आत गेलीस.

आणि अप्पा काय म्हणाले माहीत आहे? तुला हे मी सांगितलं नाही, कारण त्यानं तुझी बाजू भक्कम झाली असती. अप्पा म्हणाले, "कशाला उठलीस? मी तुला थितं बसलेली बघायलो होतो."

त्यांच्या ताटलीतला घास तसाच होता. ते जेवण सोडून मला बघत होते. इतकं मन भरून ते कुणाकडं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेच मी मोडलं. की बरं केलं? इतकी वर्षं झाली, मला अजून कळत नाही. कधी वाटतं, दुसऱ्यांदा तसंच झालं तर मी पुन्हा उठेन. कधी वाटतं, घटकाभर बसून त्यांना डोळे भरून बघू द्यायला हवं होतं.

निघताना विहिरीजवळ तू मला गाठलंस.

"माझ्या सासऱ्यापुढं तमाशा केलास."

"मी जेवले फक्त. माझ्या बापाजवळ."

"अण्णांची मान खाली गेली, सुजे."

"माझ्या अप्पांची वर कवा होती?"

मी औशाची बस धरली. मग किती वर्षं आपण बोललो नाही! तुला पोरं झाली, मला एक मुलगा झाला. अप्पा गेले तेव्हा तू गावी येऊन गेलीस असं कळलं, पण मी पोचायच्या आत.

आणि मग एका जून महिन्यात माझ्या दवाखान्याच्या फाटकाशी तू उभी. बाजूला एक उंच पोरगी, पायाशी पत्र्याची पेटी. ना कशी आहेस, ना काही. म्हणालीस, "ही रेखा. अकरावीला नांदेडात घातलीय. तुझ्याकडं ठिवून घे."

मी म्हटलं, "वसतिगृहं आहेत की."

"हायेत. मला तुझ्याकडंच ठिवायचीय."

"तुझ्या घरच्यांना चालतंय?"

"त्यांची काय हरकत न्हाई," तू म्हणालीस, अगदी सहज. आणि माझ्या हातात चटणीचा डबा दिलास. रेखा दोन वर्षं माझ्या घरी राहिली. माझ्या पोराला तिनं गणित शिकवलं. तू महिन्याला यायचीस, माझ्या ओट्याशी उभी राहून माझ्या आमटीला नावं ठेवायचीस. भांडण परत सुरू झालं, आणि मला हायसं वाटलं. तू म्हणायचीस, "आता लातूर जिल्ह्यात येळवशीची सुट्टी मिळती, कलेक्टर देतो. आमच्याकडं न्हाई. पण मी माझ्या शेतात सुरू केलीय. यंदा ये." मी म्हणायचे, "कोप कोण बांधतं?" तू म्हणायचीस, "तू येऊन बघ की." मी आले नाही. एकदाही आले नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी तू म्हणालीस, "आता तरी ये, दुष्काळात तुला येळवस आवडती." मी हसले, आणि तरी आले नाही.

त्या दुपारी दवाखान्यात तुझ्या नाकाला नळी होती. आवाज बारीक झाला होता, पण मला बघून तोंड तेवढंच वाकडं केलंस. "आलीस? बरं झालं. हितं कुणी भांडाया न्हाई."

मी तुझी चादर सारखी करत होते. जुनी सवय. तू म्हणालीस, "आता तरी सांग, तवा का उठलीस?"

"तू का आली न्हाईस मागं?" मी विचारलं. इतक्या वर्षांत इतकं सरळ कधी विचारलं नव्हतं.

तू छताकडं बघत म्हणालीस, "तू उठलीस. तुला जायाला नांदेड होतं. नोकरी होती. मी उठले असते तर कुठं गेले असते? रेखा पोटात होती. सांग की सुजे, कुठं गेले असते?"

तेवढ्यात दाजी, म्हणजे तुझे मालक, शहाळं घेऊन आत आले. तू पदर सारखा केलास. दाजी नेहमीसारखं माझ्याकडं न बघता म्हणाले, "सिस्टरबाई, कवा आल्या?" मी म्हटलं, "निघालेच." तुला म्हटलं, "उद्या येते, मग सांगते." तू डोळे मिटून मान हलवलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डच्या दारातूनच बघितलं. तुझ्या खाटेवरची गादी उलटी घातलेली होती. त्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती.

उत्तर माझ्याकडं होतं का? रात्रभर मी ते जुळवत होते. "माझ्याकडं आली असतीस," असं म्हणणार होते. पण मी तेव्हा चार मुलींबरोबर एका खोलीत राहत होते, आणि तुझ्या पोटात लेकरू. खोटं ठरलं असतं. तू लगेच पकडलं असतंस.

तुझ्या घरी आले तेव्हा मागच्या अंगणात पाण्याच्या टिपाजवळ रेखा मला एकटीला भेटली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "मावशी, तुम्हाला एक माहीत न्हाई. मी तुमच्याकडं राहिले ती दोन वर्षं बाबा आईच्या हातचं जेवले न्हाईत. काकूकडून ताट यायचं."

माझे हात टिपाच्या कडेवरच राहिले. "आई काय म्हणायची?"

"म्हणायची, बरं झालं, मला एक ताट घासायला कमी."

इंदे! माझ्या ओट्याशी उभी राहून आमटीला नावं ठेवत होतीस तेव्हा हे चाललं होतं? एक अक्षर बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी रेखाची पेटी उचलून तिला परत सोडून आले असते, आणि ते तुला ठाऊक होतं. मला तुझा इतका राग आला की रडूच आलं नाही. आजही धड येत नाही.

परवा येळवस झाली. रेखा आदल्या दिवशीच लातूरहून मला न्यायला आली, ती शिकवते त्या शाळेला येळवशीची सुट्टी होती. म्हणाली, "चला मावशी." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि चप्पल शोधायला लागले. धर्माबादला रोजचा दिवस. बाजार चालू, मिरचीच्या गाड्या लागलेल्या, रस्ताभर ठसका. तुझं शेत मी पहिल्यांदा बघितलं. कालव्याच्या पाण्यावरचा हरभरा चांगला आहे. कोप होती, पण अगदीच वेडीवाकडी, एका बाजूला कललेली. रेखानं आणि तिच्या भावानं सकाळी येऊन बांधलेली. अप्पांनी बघितली असती तर सोडून पुन्हा बांधली असती. पलीकडं ट्रॅक्टरवर काम करणारे दोघे तेलुगू बोलणारे गडी मोबाइल बघत बसले होते. रेखानं त्यांना हाक मारली, तिथं नाही, इकडं या म्हणून. ते लाजत आले आणि कोपीत बसले. मी मात्र आत गेले नाही. "मला ऊन पाहिजे," म्हटलं आणि ताट घेऊन बांधावर बसले. का, ते मला विचारू नकोस.

आतून दाजी माझ्याकडं बघत होते. खूप वाळलेत. थोड्या वेळानं ते ताट घेऊन बाहेर आले. गुडघे वाकत नाहीत त्यांचे. एक हात जमिनीला टेकत, कण्हत, माझ्यापासून हातभर अंतरावर ते बांधावर बसले. दोघंही जेवायला लागलो.

"आंबील लई आंबट झाली," ते म्हणाले.

"हाव."

"ती असती तर पोरीला बोलली असती."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. शेताकडं बघत म्हणाले, "सिस्टरबाई, तवा ती तुमच्या मागं निघाली होती. मी म्हणलो होतो, पाऊल टाकलंस तर हितंच माहेरात ऱ्हा. धर्माबादला येऊ नको."

तुझा प्रश्न मला पहिल्यांदा ऐकू आला, इंदे. मला वाटलं होतं तू जगाची रीत विचारत होतीस. तू त्या एका दुपारचं विचारत होतीस. तुला खरोखरच सांगितलं गेलं होतं की तुला जायला जागा नाही. आणि शहाळं घेऊन तेच दारातून आले म्हणून तू पदर सारखा केलास.

मला त्या माणसाला पुष्कळ बोलायचं होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. पण त्यांच्या हनुवटीवर आंबील सांडली होती आणि त्यांना ते कळलं नव्हतं. ते उठायला लागले आणि त्यांना उठता येईना. माझ्याकडं न बघता त्यांनी हात पुढं केला. मी त्या हाताकडं जरा वेळ बघितलं. मग धरला.

उठवता उठवता मी म्हटलं, "हे तिला सांगायचं होतं, दाजी. मला सांगून काय उपयोग?"

"तिला सांगितलं की," ते म्हणाले, "चूक झाली म्हणून सांगितलं. ती म्हणली, मला नका सांगू. सुजीला सांगा."

कधी म्हणालीस ते मी विचारलं नाही. त्यांना दंडाला धरून हळूहळू कोपीपर्यंत नेलं. रेखा त्या दोघा गड्यांना दुसऱ्यांदा भज्जी वाढत होती. तिनं वर बघितलं आणि जराशी सरकून आम्हा दोघांना जागा केली.